तांबूस हॉर्सशू वटवाघूळ: ते राहते कुठे आणि एकाच नावाखाली दोन प्रजाती कशा निघाल्या?

सह्याद्रीतल्या गुहेत, जुन्या बोगद्यात किंवा पडक्या देवळाच्या गाभाऱ्यात छताला उलटी लटकलेली लहान वटवाघळे तुम्ही पाहिली असतील. अंगाभोवती पंख शालीसारखे गुंडाळलेले आणि नाकावर विचित्र, चुरगळलेल्या पानासारखी त्वचा असेल, तर ते बहुधा हॉर्सशू म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या नाकाचे वटवाघूळ असते. या गटातली भारत आणि श्रीलंकेत आढळणारी एक महत्त्वाची प्रजाती म्हणजे तांबूस हॉर्सशू वटवाघूळ. शास्त्रीय नाव ऱ्हायनोलोफस रूक्सिआय.

जवळपास पावणेदोनशे वर्षे ही एकच प्रजाती मानली जात होती. नंतर कळले की तिच्या नावाखाली निदान तीन वेगवेगळे प्राणी मोजले गेले होते. त्यातला एक चीनमधला होता आणि सार्सच्या साथीनंतर तोच जगभर चर्चेत आला. या वटवाघळांचे वर्गीकरण नीट समजून घेणे म्हणूनच केवळ अभ्यासकांपुरते महत्त्वाचे नाही.

एका नजरेत

• कुळ: ऱ्हायनोलोफिडी (हॉर्सशू वटवाघळे)
• प्रजाती: ऱ्हायनोलोफस रूक्सिआय, नामकरण टेमिंक, १८३५
• आकार: कोपर ते मनगट साधारण ५ सेंटीमीटर, वजन साधारण १० ते १५ ग्रॅम
• रंग: करड्या तपकिरीपासून उजळ नारिंगी-तांबूस छटेपर्यंत
• आहार: किडे. पतंग, भुंगेरे आणि इतर उडणारे कीटक
• प्रदेश: भारत आणि श्रीलंका. भारतात पश्चिम घाट ही महत्त्वाची जागा
• आययूसीएनच्या लाल यादीत दर्जा: 'कमी चिंतेची'

नाकावर नाल कशासाठी?

बहुतेक किडेखाऊ वटवाघळे तोंड उघडून आवाज काढतात. हॉर्सशू वटवाघळे तोंड बंद ठेवून नाकपुड्यांतून आवाज सोडतात. नाकाभोवतीची त्वचेची रचना त्या आवाजाला दिशा देते. कर्ण्यामुळे आवाज एका बाजूला जातो, तसेच काहीसे.

या रचनेचे तीन भाग असतात. खाली नाकपुड्यांना वेढणारी, घोड्याच्या नालेच्या आकाराची पट्टी असते. मधे पुढे आलेला उंचवटा असतो. वर कपाळाकडे जाणारे भाल्याच्या टोकासारखे पान असते. मधल्या उंचवट्याचा आणि वरच्या पानाचा आकार प्रजातीनुसार बदलतो. त्यामुळे हॉर्सशू वटवाघूळ हातात आले की अभ्यासक आधी त्याचे नाक बघतात. 'ऱ्हायनोलोफस' या ग्रीक शब्दांवरून बनलेल्या नावाचा अर्थही 'नाकावर तुरा असलेले' असाच होतो.

वर्गीकरणात याची जागा कुठे?

वटवाघळे हा सस्तन प्राण्यांचा एक मोठा गण आहे. त्यात १,४०० हून अधिक प्रजाती आहेत. पूर्वी त्यांची सरळ दोन गटांत विभागणी होत असे. मोठी, फळे खाणारी वाघळे एका बाजूला आणि लहान, आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार करणारी दुसऱ्या बाजूला. पाहताक्षणी पटावी अशीच ही विभागणी होती.

डीएनएच्या अभ्यासाने ती मोडली. २००० नंतरच्या संशोधनातून दिसले की हॉर्सशू वटवाघळे इतर बहुतेक किडेखाऊ वटवाघळांपेक्षा फळे खाणाऱ्या वाघळांच्या अधिक जवळची आहेत. गावातल्या वडावर शेकड्यांनी लटकणारे मोठे वाघूळ आणि गुहेतले हे दहा-पंधरा ग्रॅमचे वटवाघूळ आज एकाच उपगणात धरले जातात. घरांच्या फटींत राहणाऱ्या छोट्या पाकोळ्या दिसायला हॉर्सशूसारख्या वाटतात, पण नात्याने त्या दूरच्या आहेत.

हॉर्सशू कुळात आज ऱ्हायनोलोफस ही एकच प्रजाती-गटवाचक पातळी, म्हणजे एकच 'जीनस', मानली जाते. तिच्यात शंभरहून अधिक प्रजाती आहेत. त्या सगळ्या आफ्रिका, युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या भागांत राहतात. अमेरिका खंडांत हे कुळ नाही. बहुतेक प्रजाती उष्ण कटिबंधातल्या आहेत.

'रूक्सिआय' हे नाव कुठून आले?

या प्रजातीचे वर्णन १८३५ मध्ये डच प्राणिशास्त्रज्ञ कोएनराड याकोब टेमिंक यांनी केले. ते नेदरलँड्समधल्या लायडन येथील निसर्ग-इतिहास संग्रहालयाचे पहिले संचालक होते. वर्णनासाठी वापरलेले नमुने पाँडिचेरी आणि कलकत्ता इथले असल्याची नोंद आहे.

हे नाव पॉलिडोर रू या फ्रेंच चित्रकार-निसर्गअभ्यासकाच्या स्मरणार्थ दिल्याचे मानले जाते. रू मार्सेच्या संग्रहालयात काम करत. तिथून ते इजिप्तमार्गे हिंदुस्थानात आले आणि १८३३ मध्ये मुंबईत त्यांचा मृत्यू झाला.

दिवसाचा मुक्काम कुठे?

अधिवास म्हटले की डोळ्यांसमोर फक्त जंगल येते. वटवाघळाला मात्र दोन जागा लागतात. दिवसा झोपायला एक आणि रात्री शिकारीला दुसरी. दोन्ही एकमेकींच्या आवाक्यात असाव्या लागतात.

तांबूस हॉर्सशू वटवाघळे दिवसा नैसर्गिक गुहा, बोगदे, जुन्या विहिरी, झाडांच्या पोकळ्या, वापरात नसलेली घरे, पडकी देवळे आणि लेण्यांमध्ये राहतात. जागा अंधारी आणि दमट असणे महत्त्वाचे असते. पंखांच्या पातळ त्वचेतून शरीरातले पाणी लवकर उडून जाते, त्यामुळे कोरड्या हवेत दिवस काढणे त्यांना अवघड जाते.

त्यांची वसाहत चार-पाच जणांची असते, तशीच काहीशे जणांचीही असू शकते. मोठ्या वसाहतींतही ती बऱ्याचदा एकमेकांना न चिकटता, थोडे अंतर ठेवून लटकतात. याला शरीररचनेचे कारण आहे. हॉर्सशू वटवाघळांचे मागचे पाय लटकण्यासाठी बनलेले आहेत, सरपटण्यासाठी नाहीत. इतर लहान वटवाघळे भिंतीवरून चालत फटीत शिरतात. हॉर्सशूला मात्र उडत येऊन थेट छताला पकड घ्यावी लागते. त्यामुळे त्याला अरुंद फट चालत नाही, मोकळे छत आणि उडत आत येण्याएवढा रस्ता लागतो. बोगद्याचे तोंड भिंत घालून बंद केले किंवा विहिरीवर बारीक जाळी बसवली, की ती जागा त्याच्यासाठी संपते.

रात्री दाट जंगलच का लागते?

याचे उत्तर श्रीलंकेत मिळाले. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गेरहार्ड नॉयवायलर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या तांबूस हॉर्सशू वटवाघळांचा माग काढला आणि १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. संध्याकाळी गुहेतून निघालेली वटवाघळे विरळ झाडीकडे न जाता दाट जंगलात शिरत होती. पहिला अर्धा ते एक तास ती उडत-उडत शिकार करत. नंतर त्यांची पद्धत बदलत असे. ठरलेल्या डहाळीवर लटकायचे, पायांवर गोल फिरत चहूकडे आवाज सोडायचा, जवळून कीटक गेला की झेप घेऊन पकडायचा आणि पुन्हा त्याच डहाळीवर यायचे. आपल्याकडचा माशीमार पक्षी दिवसा करतो, तशीच ही शिकार. एकेक वटवाघूळ साधारण २० बाय २० मीटरच्या छोट्या तुकड्यातच फिरताना दिसले.

दाट झाडीत प्रतिध्वनीवर शिकार करणे सोपे नसते. पाने, फांद्या, वेली अशा सगळ्यांवरून आवाज परत येतो आणि त्या गोंगाटात कीटकाचा प्रतिध्वनी हरवतो. बहुतेक वटवाघळे म्हणून मोकळ्या हवेत किंवा झाडीच्या कडेने शिकार करतात.

हॉर्सशू वटवाघळाची हाक यासाठीच वेगळी घडलेली आहे. ते एकाच सुरात लांब हाक देते. तांबूस हॉर्सशूमध्ये हा सूर ८० किलोहर्ट्झच्या आसपास असतो. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येते, त्यामुळे आपल्याला तो जाणवतही नाही. स्थिर पानावरून परतणारा सूर सपाट असतो. पतंगाचे पंख फडफडत असतील, तर परतणाऱ्या सुरात त्या फडफडीचे कंप उमटतात. शंभर स्थिर प्रतिध्वनींमध्ये थरथरणारा एक प्रतिध्वनी लगेच वेगळा कळतो.

इथे एक अडचण येते. वटवाघूळ स्वतः पुढे उडत असल्यामुळे परतणारा सूर थोडा चढतो. जवळ येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा चढा वाटतो, त्याच डॉप्लर परिणामामुळे. सेकंदाला ५ मीटर वेगाने उडताना ८० किलोहर्ट्झची हाक समोरच्या झाडावरून परतते तेव्हा सुमारे २.३ किलोहर्ट्झने वाढलेली असते. या वटवाघळांचा कान मात्र एका अगदी अरुंद पट्ट्यातच अतिशय तीक्ष्ण असतो. त्यावर त्यांचा उपाय असा की उडताना ती आपली हाक तेवढीच खाली आणतात, म्हणजे प्रतिध्वनी नेमका त्या पट्ट्यात पडतो. ही क्षमता हान्स-उलरिश श्निट्झलर यांनी १९६८ मध्ये हॉर्सशू वटवाघळांमध्ये दाखवून दिली.

एवढ्या वरच्या पट्टीचा आवाज हवेत लवकर विरतो, त्यामुळे ही यंत्रणा फार लांबचे पाहू शकत नाही. जवळच्या अंतरावर, दाट झाडीत मात्र ती फार उपयोगी पडते. जंगल तुटले तर हे वटवाघूळ उघड्या माळावर जाऊन इतर वटवाघळांसारखे पोट भरू शकत नाही, त्यामागचे कारण हेच.

एका नावाखाली दोन प्रजाती कशा सापडल्या?

दिसायला सारखे असले तरी दोन हॉर्सशू वटवाघळांचा सूर सारखा असेलच असे नाही. लहान प्रजाती सहसा वरच्या सुरात हाक देतात, मोठ्या खालच्या. सह्याद्रीतच आढळणारे बेडोमचे हॉर्सशू आकाराने बरेच मोठे आहे. त्याचा सूर ४० किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तांबूस हॉर्सशूच्या निम्म्यावर.

दक्षिण भारतात तांबूस हॉर्सशूच्या हाका ध्वनिमुद्रित करताना अभ्यासकांना एक गोष्ट खटकली. काही वटवाघळे ८० किलोहर्ट्झच्या जवळ हाक देत होती, काही ९० च्या जवळ. मधले जवळजवळ कोणी नव्हते. एकाच प्रजातीत सुरांचा थोडाफार फरक असतो, नर-मादीतही असतो, पण असे दोन स्पष्ट गट पडणे नेहमीचे नाही.

बालाजी चट्टोपाध्याय, कृतिका गर्ग, उमा रामकृष्णन, श्रीपती कंडुला आणि सहकाऱ्यांनी या दोन गटांचा डीएनए तपासला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार हे एका प्रजातीतले दोन सूर नसून दोन 'भावंड-प्रजाती' होत्या. दिसायला जवळपास सारख्या, पण आनुवंशिक वारसा वेगळा. पुढे ९० किलोहर्ट्झच्या आसपास हाक देणाऱ्या गटाला ऱ्हायनोलोफस इंडोरूक्सिआय हे नाव मिळाले. ८० किलोहर्ट्झचा गट मूळ नावानेच राहिला. दोघांतला फरक डोळ्यांनी टिपणे कठीण आहे. आवाज मोजणारे यंत्र मात्र तो क्षणात दाखवते.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. जुन्या पुस्तकांत आणि संग्रहालयांत 'रूक्सिआय' म्हणून नोंदलेल्या दक्षिण भारतातल्या प्रत्येक नमुन्याबद्दल आता विचारावे लागते की हा नेमका कोणता? प्रजाती किती पसरलेली आहे, किती सुरक्षित आहे, हे सगळे हिशेब अशा जुन्या नोंदींवर उभे असतात. एकाचे दोन झाले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी प्रदेश आणि कमी संख्या येते.

चीनचे हॉर्सशू आणि कोरोना: इथे गोंधळ कुठे होतो?

१९०५ मध्ये क्नुड अँडरसन यांनी चीनमधल्या अशाच एका वटवाघळाचे वर्णन केले आणि त्याला तांबूस हॉर्सशूची उपप्रजाती मानले. त्यामुळे विसाव्या शतकातल्या बऱ्याच लिखाणात चीनमधल्या या वटवाघळांनाही 'रूक्सिआय' म्हटलेले सापडते. पुढे गुणसूत्रे मोजल्यावर फरक उघड झाला. भारत-श्रीलंकेतल्या तांबूस हॉर्सशूमध्ये गुणसूत्रांची संख्या ५६ आहे आणि चिनी वटवाघळात ३६. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चिनी वटवाघळाला ऱ्हायनोलोफस सिनिकस ही स्वतंत्र प्रजाती मानले जाऊ लागले. ते दक्षिण चीन, नेपाळ आणि भारताच्या हिमालयी व ईशान्य भागातही आढळते, पण सह्याद्रीत नाही.

२००२-०३ मध्ये सार्सची साथ आली. २००५ मध्ये चीनमधल्या काही हॉर्सशू प्रजातींत सार्सच्या विषाणूशी नाते असलेले कोरोनाविषाणू सापडल्याचे प्रसिद्ध झाले. सिनिकस त्यांपैकी एक होती. पुढे युन्नान प्रांतातल्या एका गुहेतल्या हॉर्सशू वटवाघळांमध्ये सार्सच्या विषाणूशी जुळणारे जनुकीय तुकडे मिळाले. २०२० मध्ये कोविडची साथ पसरल्यावर 'हॉर्सशू बॅट' हे शब्द जगभरच्या बातम्यांत आले.

सोशल मीडियावर फिरणाऱ्या पोस्टमध्ये इथे दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे 'हॉर्सशू वटवाघूळ' हा एकच प्राणी आहे असे समजणे. शंभरहून अधिक प्रजातींपैकी एकीत काही सापडले म्हणजे सगळ्यांत ते आहे असे होत नाही. दुसरी चूक म्हणजे वटवाघळात सापडणारा नातेवाईक विषाणू आणि माणसांत साथ पसरवणारा विषाणू एकच मानणे. या दोघांत बराच फरक असतो.

२०२० मध्ये भारतासह अनेक ठिकाणी वटवाघळांच्या भीतीने झाडे तोडण्याची, वसाहती उठवण्याची मागणी झाली. तेव्हा दक्षिण आशियातल्या साठहून अधिक वटवाघूळ-अभ्यासकांनी एकत्र निवेदन काढून असे करू नका, असे आवाहन केले होते. वसाहत उठवल्याने प्राणी विखुरतात, घाबरतात, नव्या जागी जातात आणि माणसांशी त्यांचा संपर्क कमी होण्याऐवजी वाढू शकतो.

वर्षाचे चक्र

दक्षिण भारतात या वटवाघळांचे मीलन साधारण डिसेंबरच्या सुमारास होते. गर्भकाळ पाच महिन्यांच्या आसपास असतो. एवढ्याशा प्राण्यासाठी हा काळ फारच लांब म्हणावा लागेल. एप्रिल-मेमध्ये मादीला एकच पिल्लू होते. पाऊस सुरू होऊन कीटक वाढतात, त्याच सुमारास पिल्लू उडायला शिकते.

मादीच्या पोटाच्या खालच्या भागात दोन खोटी स्तनाग्रे असतात. त्यांतून दूध येत नाही. पिल्लू त्यांना तोंडाने धरून आईला लटकते. भारतीय वटवाघळांच्या प्रजननाचा पाया घालणाऱ्या संशोधनाचा मोठा भाग नागपूरमध्ये प्राणिशास्त्रज्ञ ए. गोपालकृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. तांबूस हॉर्सशूचाही त्यात समावेश होता.

वर्षाला एकच पिल्लू होत असल्याने घटलेली संख्या भरून यायला वेळ लागतो. उंदरासारखा आकार पाहून 'ही भराभर वाढत असतील' असे वाटते, पण तसे नाही.

ही प्रजाती धोक्यात आहे का?

लाल यादीत ती 'कमी चिंतेची' आहे. म्हणजे आज ती नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. पण हा दर्जा साऱ्या प्रदेशाचा मिळून असतो. एखाद्या तालुक्यातली एकुलती एक गुहा गेली, तर तिथली वसाहत संपू शकते.

तामिळनाडूतल्या वालपराई पठारावर वटवाघळांच्या हाका नोंदवून झालेल्या अभ्यासांतून शेती आणि वटवाघळे यांचे नाते स्पष्ट झाले आहे. मूळ झाडांच्या सावलीतली कॉफी आणि ओढ्याकाठची राखलेली झाडी वटवाघळांना बऱ्यापैकी आसरा देतात. चहाचे उघडे मळे तेवढा देत नाहीत. दाट झाडीत शिकार करणाऱ्या प्रजातींना मोकळ्या मळ्याचा फटका अधिक बसतो.

मुख्य धोके असे: जंगल तुकड्या-तुकड्यांत तुटणे, गुहा आणि जुन्या वास्तूंमधली वर्दळ, डागडुजीच्या वेळी वाटा बंद होणे, दगडखाणी आणि भीतीपोटी दिलेला धूर.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ही वटवाघळे रक्त पितात का?
नाही. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच प्रजाती आहेत आणि त्या मध्य व दक्षिण अमेरिकेत राहतात. तांबूस हॉर्सशू किडे खाते.

ती आंधळी असतात का?
नाही. डोळे बारीक असले तरी दिसते. शिकारीसाठी मात्र ती कानावर अवलंबून असतात.

केसांत अडकतात का?
अंधारात बारीक पतंग टिपणाऱ्या प्राण्याला माणसाचे डोके चुकवणे अवघड नाही. ती डोक्याजवळून जातात ती बहुतेक वेळा तिथे घोंघावणाऱ्या किड्यांसाठी.

गुहेत किंवा लेण्यात वसाहत दिसली तर काय करावे?
आवाज न करता मागे फिरावे. टॉर्च थेट त्यांच्यावर मारू नये, फ्लॅश वापरून फोटो काढू नये. एप्रिल ते जून हा पिल्लांचा काळ असतो. तेव्हा मादी दचकून उडाली तर पिल्लू खाली पडू शकते आणि जमिनीवरून हॉर्सशूला सहज उठता येत नाही. गुहेचे नेमके ठिकाण रीलमध्ये टाकले की पुढच्या रविवारी तिथे गर्दी होते, हेही लक्षात ठेवावे.

घरात शिरले तर?
पंखा बंद करा, खोलीतले दिवे मालवा, खिडकी उघडी ठेवा आणि बाहेर थांबा. बहुतेक वेळा ते आपोआप निघून जाते. उघड्या हाताने पकडू नका.

चावले किंवा ओरखडले तर?
जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान १५ मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. कोणत्याही जंगली सस्तन प्राण्याच्या चाव्यानंतर रेबीजच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारणे आवश्यक असते.

फोटोवरून प्रजाती ओळखता येते का?
नाकाचा स्पष्ट फोटो असेल तर हॉर्सशू आहे एवढे कळते. तांबूस हॉर्सशू आणि इंडोरूक्सिआय यांतला फरक मात्र फोटोवरून सांगता येणार नाही. त्यासाठी हाकेची नोंद किंवा डीएनए लागतो. म्हणून निसर्गनिरीक्षणाच्या ॲपवर नोंद करताना खात्री नसेल तर फक्त 'हॉर्सशू वटवाघूळ' लिहिणे योग्य. चुकीच्या नावापेक्षा अपुरे नाव अभ्यासकांच्या जास्त कामी येते.